इंजिन बदलण्याआधी ब्रेक मोजा

मूळची मारुती झेन १९९३ साली आली आणि २००६ मध्ये तिचे उत्पादन थांबले. तरीही पुण्यात, कोल्हापूर-सांगलीच्या रस्त्यांवर, गोव्याच्या गावांतून ती अजून धावताना दिसते. ही हलकी, आटोपशीर गाडी ज्यांनी जपली, त्यांच्यापुढे कधी ना कधी एक प्रश्न उभा राहतोच. इंजिन ऑइल खायला लागते, सायलेन्सरमधून निळसर धूर येतो, चढावर गाडीला दम लागतो. गॅरेजमध्ये इंजिनाच्या पूर्ण कामाचा खर्च सांगितला जातो आणि पाठोपाठ सल्लाही मिळतो, की एवढे पैसे घालताच आहात तर मोठे इंजिनच टाकून घ्या. हा सल्ला सरसकट चुकीचा नाही. मात्र त्यानंतर निवड ज्या पद्धतीने होते, ती चुकीची आहे. इंजिन निवडले जाते ते अश्वशक्तीच्या आकड्यावरून. ब्रेक, रेडिएटर, टायर आणि आरसी बुक यांचा विचार मागाहून होतो किंवा होतच नाही. माझे म्हणणे असे, की छोट्या हॅचबॅकला योग्य इंजिन तेच, जे त्याच कुळातल्या थोड्या मोठ्या गाडीतून गिअरबॉक्स, ब्रेक आणि प्रदूषण रोखणाऱ्या यंत्रणेसह एकगठ्ठा आणता येते. आणि अशा मोजक्या, तपासलेल्या जोड्यांना कायद्याने रीतसर वाट करून दिली पाहिजे.

झेनचेच उदाहरण घेऊ, कारण तिच्या बाबतीत पर्याय स्पष्ट आहेत. तिचे मूळ इंजिन ९९३ सीसीचे, चार सिलिंडरचे, ॲल्युमिनियमचे. सुरुवातीच्या गाड्यांत त्याची ताकद सुमारे ५० बीएचपी होती. हे इंजिन सुझुकीच्या ‘जी’ मालिकेतले. याच मालिकेतले १२९८ सीसीचे इंजिन एस्टीम आणि जिप्सी किंगमध्ये होते. एस्टीममध्ये कार्ब्युरेटर असताना ते सुमारे ६५ आणि एमपीएफआय आल्यावर ८५ बीएचपी देत असे. मालिकेतले त्याहून मोठे, १५९० सीसीचे इंजिन जुन्या बलेनो सेडानमध्ये होते आणि त्याची ताकद नव्वदीच्या पुढे होती. चौथा पर्याय गाडीवेड्यांच्या चर्चेत हमखास निघतो. तो म्हणजे २००७ पासून स्विफ्टमध्ये आलेले, मूळ फियाटचे १२४८ सीसीचे डिझेल इंजिन. त्याची ताकद ७५ बीएचपीच्या आसपास, पण टॉर्क १९० न्यूटन मीटर. झेनच्या मूळ इंजिनाचा टॉर्क सत्तरच्या घरात होता. म्हणजे क्लच, गिअरबॉक्स आणि चाकांकडे जाणारे ड्राइव्ह शाफ्ट ज्या भारासाठी बनले, त्याच्या अडीचपटीहून अधिक भार त्यांच्यावर येणार. शिवाय त्या डिझेल इंजिनाचा ब्लॉक ओतीव लोखंडाचा. वजन वाढते तेही नेमके पुढच्या चाकांवर. वळणावर पटकन नाक वळवणे हा झेनचा सगळ्यात मोठा गुण. तोच या बदलात आधी जातो.

आता ताकदीचा हिशेब वजनाशी लावून पाहू, कारण सुट्या आकड्याला काही अर्थ नसतो. झेनचे रिकामे वजन साधारण साडेसातशे किलो. मूळ इंजिनासह टनामागे ६५ ते ७० बीएचपी पडतात. एस्टीमचे कार्ब्युरेटरवाले इंजिन बसवले, तर हा आकडा ८५ च्या पुढे जातो. २००५ साली आलेल्या पहिल्या पेट्रोल स्विफ्टची ताकद ८७ बीएचपी आणि वजन साधारण एक टन होते; म्हणजे तिचे प्रमाणही जवळपास तेवढेच. त्या काळी स्विफ्ट चपळ गाडी म्हणून ओळखली गेली. याचा अर्थ, एस्टीमच्या साध्यात साध्या इंजिनावरही झेन स्विफ्टच्या तोडीला येते. ८५ बीएचपीचे इंजिन बसवल्यास टनामागे ११० च्या वर ताकद मिळते, आणि रोजच्या वापरासाठी ती पुरून उरते. त्यापुढच्या १५९० सीसीने किंवा डिझेलने हाती काय लागते, हा प्रश्न मालकाने स्वतःला प्रामाणिकपणे विचारावा. घाटात ट्रकच्या मागून सुरक्षित पुढे जाण्यापुरती ताकद पहिल्याच पायरीवर मिळालेली असते. वरच्या पायऱ्यांवर वाढतो तो फक्त गाडीचा सर्वोच्च वेग, आणि आपल्या रस्त्यांवर त्याला जागा नाही.

वेग वाढला की सगळ्यात मोठी परीक्षा होते ब्रेकची. धावत्या गाडीतली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ८० किलोमीटरवरून थांबताना ब्रेकना जेवढी ऊर्जा उष्णतेत बदलावी लागते, तिच्या सव्वादोन पट ताशी १२० वरून थांबताना बदलावी लागते. डिस्क मात्र तीच, पॅड तेच, मागचे ड्रम तेच आणि सुमारे १४५ मिलिमीटर रुंदीचे टायरही तेच. घाट उतरतानाचा हिशेब आणखी बोलका आहे. माणसे आणि सामान धरून एक टन वजनाची गाडी खंडाळ्याहून खोपोलीकडे सुमारे साडेपाचशे मीटर खाली उतरते, तेव्हा तिची जी ऊर्जा कुठेतरी जिरावी लागते, ती ताशी शंभरच्या वेगावरून १४ वेळा पूर्ण थांबण्याइतकी असते. योग्य गिअरमध्ये उतरले तर त्यातला बराच वाटा इंजिन आणि हवा उचलतात. नुसत्या ब्रेकवर उतरले तर डिस्क तापतात, पॅड पकडत नाहीत आणि पेडल पायाखाली मऊ पडते. मोठ्या इंजिनाने घाट झरझर चढणारा माणूस तो तितक्याच वेगाने उतरूही पाहतो. म्हणून इंजिन आणताना त्याच गाडीचे पुढचे ब्रेक, मास्टर सिलिंडर आणि बूस्टर आणायचे, टायर त्या वेगाला साजेसे घ्यायचे. हा खर्च परवडत नसेल, तर मोठे इंजिनही परवडत नाही असे समजावे.

ब्रेकनंतर उष्णतेचा प्रश्न. पेट्रोल इंजिन इंधनातल्या ऊर्जेचा साधारण चौथा हिस्सा चाकांपर्यंत पोहोचवते. उरलेली बहुतेक उष्णता सायलेन्सरवाटे आणि रेडिएटरवाटे बाहेर जाते. ५० बीएचपीच्या इंजिनासाठी मापलेला रेडिएटर ८५ बीएचपीच्या इंजिनाला थंडीच्या दिवसांत कसाबसा पुरेल. मे महिन्यात कसारा घाटात वाहतूक तुंबली, की तापमानाचा काटा वर चढू लागेल आणि हेड गॅस्केट जाईल. मग येते इंधन. कार्ब्युरेटरच्या गाडीतला यांत्रिक पंप अगदी कमी दाबाने पेट्रोल पुरवतो. एमपीएफआय इंजिनाला टाकीतला विजेवर चालणारा पंप, अडीच-तीन बारचा दाब, तो दाब सोसणाऱ्या नळ्या आणि पेट्रोल टाकीकडे परत नेणारी वाट लागते. जुन्या रबरी नळीवर क्लिप आवळून भागवले, तर गरम इंजिनावर पेट्रोलचा फवारा उडायला एक तडा पुरतो. वायरिंगचेही तसेच. ईसीयू, सेन्सर आणि हार्नेस एकाच गाडीतून आले तर काम सरळ होते. तीन गाड्यांतून जमवले तर दोष शोधण्यातच महिने जातात. गिअरबॉक्स जुनाच ठेवला, तर छोट्या इंजिनासाठी आखडते ठेवलेले गुणोत्तर मोठ्या इंजिनाला महामार्गावर विनाकारण जास्त फेरे फिरवते, आणि ताकद वाढूनही गाडी कर्कश राहते. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा एखाद्या जुन्या बाजारात इंजिन घ्यायला जाणाऱ्याने म्हणूनच सुट्या इंजिनाचा भाव विचारण्याआधी पूर्ण सेट आहे का, हे विचारावे.

हे नवे शहाणपण नाही. आपल्या मोटार उद्योगाने ते पूर्वीच सिद्ध केले आहे. हिंदुस्तान मोटर्सची कॉन्टेसा १९८० च्या दशकात आली, तेव्हा त्या भल्यामोठ्या गाडीत ॲम्बॅसिडरचे १४८९ सीसीचे, सुमारे ५० बीएचपीचे इंजिन होते आणि गाडी अगदीच मंद होती. पुढे तिला जपानच्या इसुझुचे १८०० सीसी वर्गातले इंजिन मिळाले, पण एकटे मिळाले नाही. सोबत पाच गिअरचा गिअरबॉक्स आला. प्रीमियरने ११८ एनईमध्ये फियाट १२४ च्या बांध्यात निसानचे ११७१ सीसीचे इंजिन बसवले. खुद्द मारुतीने १९९० च्या दशकाच्या अखेरीस झेनमध्ये प्यूजोचे १५२७ सीसीचे डिझेल इंजिन दिले. म्हणजे एका गाडीत दुसऱ्या घराण्याचे इंजिन चालू शकते, यात शंका नाही. मात्र त्यामागे कंपनीचे अभियंते, चाचण्या आणि बदललेले अनेक भाग असतात. गॅरेजकडे ती यंत्रणा नसते. म्हणून गॅरेजने परक्या इंजिनाचे धाडस करण्यापेक्षा, कंपनीने आधीच एकत्र चालवून पाहिलेले भाग एकत्र ठेवणे, यातच शहाणपणा आहे. कोल्हापूरच्या उद्यमनगरासारख्या ठिकाणी लेथवर उत्तम माउंटिंग बनवणारे कारागीर आहेत. त्यांच्या हातातल्या कसबाबद्दल मला आदर आहे. पण बनवलेले माउंटिंग पाच वर्षे थरथर सोसेल की नाही, हे कसब सांगू शकत नाही; ते चाचणीच सांगते.

इथे कायद्याचा मुद्दा येतो, आणि तो टाळून या विषयावर लिहिणे वाचकाची फसवणूक ठरेल. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने मुळात ठरवलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रात असलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात हीच भूमिका ठामपणे मांडली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२ अ मध्ये परवानगीबाह्य बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली. जीर्ण इंजिनाच्या जागी त्याच प्रकारचे इंजिन बसवून, बिल दाखवून, आरटीओकडून नवा इंजिन क्रमांक आरसीवर चढवून घेण्याची वाट खुली आहे. ९९३ सीसीच्या जागी १२९८ सीसीची वाट मात्र खुली नाही. अपघात झाल्यास विमा कंपनी दावा नाकारण्यासाठी नेमके हेच कारण पुढे करू शकते. तेव्हा आज कुणी विचारले, की झेनमध्ये एस्टीमचे इंजिन टाकून ती सार्वजनिक रस्त्यावर चालवू का, तर उत्तर ‘नाही’ असेच आहे. तंत्रदृष्ट्या उत्तम असलेला बदलही बेकायदा असेल, तर त्याची जोखीम रस्त्यावरच्या तिऱ्हाइताने का सोसावी?

पण कायद्यातली ही सरसकट बंदी योग्य आहे का, हा वेगळा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तरही माझ्या मते ‘नाही’ असेच आहे. याच कलम ५२ मध्ये सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरीवर गाडी चालवण्यासाठी मान्यताप्राप्त किट बसवायची मुभा आहे. पेट्रोल इंजिन पूर्ण काढून त्याजागी मोटर आणि जड बॅटरी बसवण्याची पद्धत नियमांनी आखून दिली आहे. त्यात वजनाची वाटणी, ब्रेक, विजेची सुरक्षितता असे सगळे तपासले जाते. इतका मूलभूत बदल तपासून मान्य करता येतो, तर एकाच उत्पादकाच्या, एकाच मालिकेतल्या दोन पेट्रोल इंजिनांची अदलाबदल तपासता येणार नाही, हे पटत नाही. परदेशातही असे दाखले आहेत. प्रदूषणाच्या बाबतीत अमेरिकेतले सर्वांत कडक राज्य म्हणजे कॅलिफोर्निया. तिथे इंजिन बदलता येते, पण अटी स्पष्ट आहेत: नवे इंजिन गाडीइतक्याच किंवा तिच्यापेक्षा अलीकडच्या वर्षाचे हवे, त्याची प्रदूषण-नियंत्रणाची सगळी साधने जागेवर हवीत, आणि सरकारने नेमलेल्या तपासनिसासमोर गाडी उभी करावी लागते. जर्मनीत अशा बदलानंतर अधिकृत तज्ज्ञाकडून त्या एका गाडीची स्वतंत्र तपासणी करून घ्यावी लागते. बंदी आणि मोकाट सूट यांच्यामध्ये तपासणी नावाची तिसरी वाट असते, ती या दोन्ही ठिकाणी रुळलेली आहे.

यावर पहिला आक्षेप चोरीचा घेतला जाईल. इंजिन क्रमांक हा गाडीच्या ओळखीचा भाग आहे. तो सहज बदलू दिला तर चोरीच्या इंजिनांचा बाजार फोफावेल, असे म्हटले जाते. ही भीती खरी आहे, पण आजच्या बंदीने ती दूर झालेली नाही. रीतसर नोंद करता येत नसली, की लपवाछपवीला निमित्त मिळते. उलट नोंदणीकृत भंगार केंद्रात मोडलेल्या गाडीचेच इंजिन वापरता येईल आणि त्याचा क्रमांक ‘वाहन’ प्रणालीत एका गाडीच्या नावावरून दुसऱ्या गाडीच्या नावावर जाईल असा नियम केला, तर प्रत्येक इंजिनाचा माग ठेवता येतो. दुसरा आक्षेप प्रदूषणाचा. मोठे इंजिन जास्त धूर सोडेल, ही सर्वसाधारण समजूत. प्रत्यक्षात, थकलेल्या कार्ब्युरेटर इंजिनापेक्षा ऑक्सिजन सेन्सर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असलेले धडधाकट एमपीएफआय इंजिन स्वच्छ चालते. अट एवढीच, की ती साधनेही सोबत आली पाहिजेत. पीयूसीच्या भरवशावर राहून चालणार नाही. ती पेट्रोल गाडीचा धूर गाडी उभी असताना मोजते आणि त्यातून नायट्रोजनच्या ऑक्साइडचा पत्ता लागत नाही. साधने प्रत्यक्ष पाहणारा तपासनीस हवा.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो. एवढी यातायात कशाला, जुनी गाडी मोडीत काढून नवी घ्यावी, एअरबॅग आणि बीएस-६ इंजिन मिळेल. बहुतेक कुटुंबांसाठी हा सल्ला बरोबर आहे. रोज लहान मुलांना घेऊन महामार्गाने जाणाऱ्याने सुरक्षित नवी गाडीच घ्यावी. कुठलेही इंजिन जुन्या सांगाड्याला नवी सुरक्षा देऊ शकत नाही. पण सगळ्यांची गरज आणि ऐपत सारखी नसते. ज्याचा पत्रा गंजलेला नाही, सस्पेन्शन शाबूत आहे आणि फक्त इंजिन संपले आहे, अशी गाडी मोडणे म्हणजे चांगला माल भंगारात घालणे. आणि ‘त्याच प्रकारचे इंजिन टाका’ हा कायदेशीर उपाय दिवसेंदिवस अवघड होणार, कारण २००६ मध्ये बंद झालेल्या गाडीचे धड ९९३ सीसी इंजिन मिळणे दुर्मीळ होत जाईल. जे मिळेल तेही तितकेच झिजलेले असेल. १२९८ सीसीचे इंजिन मात्र जिप्सीत २०१० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत येत राहिले. जुनी गाडी चालू ठेवण्याची परवानगी द्यायची आणि ती धड चालवण्याचा मार्ग बंद ठेवायचा, यात सुसंगती नाही.

म्हणून मागणी मर्यादित आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बदलांबाबत तपशील आणि अटी ठरवण्याचा अधिकार कलम ५२ नेच केंद्र सरकारला दिला आहे. नवा कायदा करण्याची गरज नाही. जुन्या, लोकप्रिय हॅचबॅकसाठी मान्य जोड्यांची एक छोटी यादी जाहीर करावी. जोडी एकाच उत्पादकाच्या एकाच मालिकेतली असावी, नवे इंजिन गाडीपेक्षा जुन्या प्रदूषण-निकषाचे नसावे, आणि गिअरबॉक्स, पुढचे ब्रेक, रेडिएटर, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हा संच सक्तीचा असावा. प्रत्येक जोडीची एकदा चाचणी व्हावी आणि नंतर प्रत्येक गाडीची आरटीओत प्रत्यक्ष पाहणी. वाहन चाचणीत महाराष्ट्र देशात आघाडीवर आहे. पुण्यात एआरएआय आहे, भोसरीला सीआयआरटी आहे, अहिल्यानगरजवळ संरक्षण खात्याची व्हीआरडीई आहे. अशा यादीचा प्रस्ताव केंद्राकडे नेण्यासाठी यापेक्षा योग्य राज्य कोणते? राज्याच्या परिवहन विभागाने तो न्यावा.

तोवर गाडी जपणाऱ्यांनी आपला क्रम बदलावा. आधी गाडीचा सांगाडा आणि ब्रेक तपासून घ्या, मग आरटीओत काय चालते ते विचारा, आणि शेवटी इंजिनाकडे वळा. त्याच प्रकारचे, बिल असलेले, कॉम्प्रेशन मोजून घेतलेले इंजिन मिळाले, तर तेच बसवा आणि आरसीवर त्याचा क्रमांक चढवून घ्या. मोठ्या इंजिनाचा प्रयोग करायचाच असेल, तर तो शर्यतीच्या बंदिस्त ट्रॅकपुरता ठेवा. आणि गॅरेजवाल्याने उत्साहाने १९० न्यूटन मीटरचे डिझेल सुचवले, तर त्याला एवढेच विचारा, की ही गाडी थांबवणार कोण? या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळत नसेल, तर ते इंजिन तुमच्या गाडीसाठी नाही.